गाण्यातली गौरा

तामलवाडी
पौष वद्य चतुर्थी, सन १९४५

विरुपाक्ष,

पत्राच्या माथ्यावर आशीर्वाद लिहायचा असतो, हे आपल्या अप्पांनी दोघा भावंडांना एकाच पाटीवर शिकवलं. आज तो लिहायला हात उचलत नाही, म्हणून लिहिलेला नाही.

पौर्णिमेला नळदुर्गच्या यात्रेला गेले होते. शेजारची सखूबाई बळंच घेऊन गेली. म्हणाली, दीड वर्ष झालं, उंबऱ्याबाहेर पाऊल नाही तुझं, चल. खंडोबाचं दर्शन घेऊन बाजारात आलो तर एका चहावाल्यानं फोनो मांडलेला. भोवती ही गर्दी. तबकडी फिरत होती आणि गडी माणसं माना डोलवत तिच्याबरोबर म्हणत होती. मला आधी शब्द ओळखू आले, आवाज नंतर.

घर माझं लांब, गड्या, घर माझं लांब,
गाडगं रितं झालं न्हाय, जरा वेळ थांब.

सखूबाई म्हणाली, "अगं शांताक्का, ह्यो तर तुझ्या भावाचा आवाज." मी म्हणाले, नाही, तो नव्हे. देवळापासून शंभर पावलांवर उभी राहून मी खोटं बोलले. सोलापूरला जाऊन तू नाटक कंपनीत शिरलास तेव्हा अप्पांना तोंड लपवावं लागलं होतं. आता माझी पाळी.

मग पुढचं कडवं आलं.

येईल माझी गौरा, मग धरीन तिचा हात,
तंवर मला बसू द्या रं चार माणसांत.

गौरा म्हटल्याबरोबर एकानं शीळ घातली. दुसरा म्हणाला, "कुठली असंल रं ही गौरा? सोलापूरची का बार्शीची?" सगळे हसले. चहावाला पण हसला.

माझी गौरा नऊ वर्षांची होती, विरुपाक्ष. तिला पहिलं गाणं तूच शिकवलंस. तुला सगळं ठाऊक आहे, तरी मी इथं लिहून ठेवते, कारण तबकडीवर भलतंच आहे. तुझ्या दाजींना दिवेलागणीनंतर दिसत नाही. लग्न झालं तेव्हापासून नाही. पानमळा गावापासून अर्धा कोस, मधे ओढा. गौरा सहा वर्षांची झाली तशी रोज ऊन कलल्यावर मळ्यात जायची, पाटाच्या कडेला खेळत बसायची आणि अंधारून आलं की बापाचा हात धरून त्यांना घरी आणायची. "दगूड हाय, अप्पा. आता चढ. आता घर आलं." सगळ्या वाटेनं तिचं तोंड चालू. त्रेचाळीस सालच्या श्रावणात गावात पटकी आली आणि एका दिवसात ती गेली.

त्यानंतर ते मळ्यातून निघायचे आणि ओढ्याकाठच्या शिंदीच्या दुकानापर्यंत येऊन बसायचे. तिथवर कसंबसं दिसायचं. आपल्या घरात कुणी कधी शिंदीला तोंड लावलं नव्हतं. लोक म्हणायचे, "गुरुलिंगप्पा, उठा आता." तर म्हणायचे, "घर लई लांब हाय. गौरा येईल न्यायला. तंवर बसतो." रात्री कुणीतरी त्यांना दारात आणून सोडायचं. हे मी तुला सांगितलं. चुलीपुढं बसून, रडत सांगितलं. तू गौरा गेली म्हणून आला होतास आणि माझ्या पाठीवर हात फिरवत होतास. तो हात तेव्हाच शब्द मोजत होता हे मला काय ठाऊक.

आणि तिसरं कडवं तर तू पदरचं घातलंस.

दारामधी अस्तुरी अन् हातात केरसुणी,
तिच्यापरीस बरं गड्या गाडग्यातलं पाणी.

ह्या कडव्याला सगळ्यात जास्त हसतात. सखूबाई पण हसली, मग माझ्याकडं बघून तिनं पदर तोंडाला लावला.

मी त्यांना आणायला का गेले नाही, ते तू विचारू नकोस. मला फक्त एवढं पाहिजे, तिचं नाव त्या गाण्यातून काढ. दुसरं कुठलंही नाव घाल. जगात बायकांच्या नावांना तोटा नाही.

शांताक्का


तामलवाडी
चैत्र शुद्ध नवमी, सन १९४५

विरुपाक्ष,

तुझं पत्र आलं आणि त्याबरोबर इरकल लुगडं. लुगडं ज्यानं आणलं त्याच्याच हातानं परत पाठवलं आहे. घडी मोडलेली नाही, कुणाला तरी देऊन टाक.

तू लिहितोस, तबकडी एकदा निघाली की तिच्यातलं अक्षर बदलता येत नाही. बरं. कंपनीच्या तंबूत रोज गातोस ते तर तोंडानं गातोस ना? तिथं का बदलत नाहीस? त्याला तुझं उत्तर, "गौरा म्हटल्याशिवाय ते कडवं उभंच राहत नाही, मी तीन नावं घालून पाहिली." तीन नावं घालून पाहिलीस. कुणाकुणाची रे? ते वाचून मी पत्र चुलीत घालायला निघाले होते. घातलं नाही, कारण पुढं काय लिहिलंस ते वाचायचं राहिलं होतं.

पुढं लिहिलंस की लोकांना गाणं आवडतं त्यात माझं काय गेलं. गिरणीतली माणसं पाळी सुटली की तेच म्हणत जातात, शेतातली मोट हाकताना म्हणतात, गाणं आता तुझं राहिलेलंच नाही. तुझं नव्हतंच ते. त्यातली जी ओळ लोकांच्या तोंडी बसली आहे ती एका रातांधळ्या माणसानं मातीत बसून म्हटलेली आहे. तू तिला चाल लावलीस. आणि केरसुणी.

आणि शेवटी तू तेच विचारलंस जे विचारू नको म्हटलं होतं. "अक्का, दाजींना आणायला तू का गेली नाहीस?" ते विचारायचा हक्क तुला कुणी दिला? तू महिन्यातून एक पत्र लिहिणारा माणूस. घरातली माणसं घरात कशी राहतात ते तुला काय ठाऊक.

आता इथं काय झालं ते ऐक. शिंदीच्या दुकानाचा मक्ता यंदा बब्रुवाननं घेतला आहे. त्यानं सोलापूरहून फोनो आणला, तुझी तबकडी आणली. आणि कुणीतरी त्याला सांगितलं की गाण्यातला माणूस त्याच्याच दुकानात रोज बसतो. झालं. त्यानं तुझ्या दाजींना खाली चटईवर बसवायचं बंद केलं. एक खुर्ची आणली, लाकडी, पाठीची. दुकानात तेवढी एकच. त्यांना तिच्यात बसवतो आणि गाडग्याचं काही घेत नाही. म्हणतो, "गुरुलिंगप्पा आमचं पाव्हणं हायेत." सोलापूरहून परवा चार जण मोटारीतून आले होते. गाण्यातला माणूस बघायला. एकानं त्यांच्या खांद्यावर हात ठेवून विचारलं, "काय पाटील, घर किती लांब?" आणि ते खरंच बोट करून दाखवायला लागले, कुठल्या वाटेनं जायचं ते.

हे मला सखूबाईच्या नवऱ्यानं सांगितलं. सांगताना तो माझ्याकडं बघत नव्हता.

पानमळ्याला रोज पाणी लागतं, वेल रोज बांधावे लागतात हे तुला ठाऊक आहे, लहानपणी तूही बांधलेत. चार ओळी वाळल्या. ते दुपारीच उठून दुकानाकडं जातात. पूर्वी अंधार पडायची वाट तरी बघत होते.

तू पुढचं पत्र लिहू नकोस. लिहिलंस तर वाचीन, पण लिहू नकोस.

शांताक्का


तामलवाडी
श्रावणातला दुसरा सोमवार, सन १९४६

विरुपाक्ष,

सव्वा वर्षात तुझी सात पत्रं आली. सगळी वाचली. एकाचंही उत्तर दिलं नाही. आज देते, कारण काल मी शिंदीच्या दुकानात गेले होते.

आपल्या घरातली बाई शिंदीच्या दुकानात. अप्पा असते तर त्यांनी डोळे मिटून घेतले असते. चांगलं ऊन होतं, तिसऱ्या प्रहराची वेळ. गावातून ओढ्यापर्यंत मी डोक्यावरचा पदर न सावरता चालत गेले. बघणाऱ्यांना बघू दिलं.

ओढ्याच्या काठानं शिंदीची झाडं, प्रत्येकाच्या गळ्यात गाडगं. खाली छपरी, चटया, आंबूस वास आणि माशा. मला बघून बोलणं थांबलं, फोनो थांबला नाही. ते खुर्चीत बसले होते. अंगात मळका सदरा, गळ्यातलं इष्टलिंग सदऱ्याच्या आत सारलेलं. तेवढी शरम त्यांना होती. तुझं दुसरं कडवं चाललं होतं. "येईल माझी गौरा" आलं तसा त्यांनी उजवा हात पुढं केला, असा, तळवा वर करून, आणि हवेत तसाच धरला. कडवं संपेपर्यंत. दोघेतिघे हसले. बाकीचे हसले नाहीत, खाली बघत राहिले. ते रोज असंच करतात, असं दिसलं.

मी फोनोवरची तबकडी उचलली आणि दगडावर आपटली.

बब्रुवान उठला नाही. तो वाईट माणूस आहे असं मला म्हणायचं होतं, पण त्याच्या तोंडाकडं बघून म्हणता आलं नाही. तो म्हणाला, "फोडा अक्का. राग हाय, फोडा. अजून दोन हायेत आत. आन् त्या बी फोडल्या तर काय व्हनार? समद्यास्नी पाठ झालंय."

आणि खरंच, मी वळले तर मागं कुणीतरी हळूच तीच ओळ उचलली. मला चिडवायला नाही. गाणं मधेच तुटलं म्हणून. तोंडातला घास अर्धा राहिला तर माणूस तो पुरा करतो, तसं. मग दुसरा म्हणू लागला, मग सगळे. हळू आवाजात, मी तिथंच उभी असताना. तू हे काय केलंस रे? शिवी असती तर मी उलटून दिली असती. गाण्याला काय देऊ?

त्यांना घेऊन आधी मळ्याकडं निघाले. उजेड होता, त्यामुळं त्यांना हात धरून न्यावं लागत नव्हतं. ते पुढं, मी मागं. मळ्याच्या कुंपणापाशी ते थांबले आणि वाळलेल्या वेलांकडं बघत म्हणाले, "तू तबकडी फोडलीस ते बरं न्हाय केलंस."

मी म्हणाले, "का? तमाशा होतो तुमचा तिथं. कळतं का तुम्हाला?"

"कळतंय की."

"मग कशाला जाता?"

त्यांनी एक वाळका वेल हातानं सरळ केला. मग म्हणाले, "तितं तिचं नाव घेत्यात, शांता. घरात कुणी घेत न्हाय."

विरुपाक्ष, हे खरं आहे. ती गेली त्या दिवसापासून मी घरात तिचं नाव बंद केलं. तिचे परकर सखूबाईच्या पोरींना दिले. तिचा पाट माळ्यावर टाकला. त्यांनी एकदा दोनदा नाव घेतलं तेव्हा मी ताट तसंच ठेवून उठले होते. मग त्यांनी घेणं सोडलं. आणि तू ते नाव सगळ्या मुलखाच्या तोंडी दिलंस. दारुड्यांच्या, शीळ घालणाऱ्यांच्या, ज्यांना ती कोण ते माहीत नाही त्यांच्या. माझ्या नवऱ्याला स्वतःच्या लेकीचं नाव ऐकायला शिंदीच्या दुकानात जावं लागतं, आणि ते नाव तिथं तुझ्यामुळं आहे. ह्याचा मी राग करू की काय करू ते मला समजत नाही. म्हणून राग करते.

शांताक्का


सोलापूर
मार्गशीर्ष वद्य एकादशी, सन १९४७

विरुपाक्ष,

वरचा गाव बघून दचकू नकोस. हे पत्र तुला मिळेल तेव्हा मी इथून दुसरीकडं गेलेली असेन. मठातल्या माणसाजवळ देऊन ठेवते आहे.

तुझे दाजी परवा मंगळवारी दुपारी लिंगैक्य झाले. समाधी दिली. मठातल्या लोकांनी सगळं केलं.

आधीचं सांगते. भादव्यात आमच्या गावात सत्याग्रहाची पोरं आली. निजामाची आबकारी बुडवायची म्हणून त्यांनी ओढ्याकाठची शिंदीची झाडं तोडायला घेतली. सकाळपासून कुऱ्हाडी चालल्या. आम्ही बायका भाकरी घेऊन गेलो तर कानावर काय यावं? घर माझं लांब, गड्या, घर माझं लांब. प्रत्येक 'लांब'ला एक घाव. त्यांचा पुढारी रामलिंग म्हणून तुळजापूरकडचा मास्तर होता. त्याला मी विचारलं, "शिंदी बंद करायला आलात आणि गाणं हे म्हणता?" घाम पुसत म्हणाला, "अक्का, कुऱ्हाडीला ठेका लागतो. ह्याच्यापरीस चांगला मिळाला तर सांगा, तो म्हणू." मी भाकऱ्या वाटायला लागले.

संध्याकाळपर्यंत एक झाड राहिलं नाही. बब्रुवान दोन दिवस आधीच फोनो गाडीत घालून निघून गेला होता. तुझे दाजी आठ दिवस अंथरुणात कापत पडून होते. मग एका सकाळी उठून मळ्यात गेले. त्या दिवशी ऊन कललं तशी मी घराला कडी लावली आणि मळ्याकडं निघाले.

तू विचारलं होतंस ना, मी का गेले नाही म्हणून? आता सांगते. गौरा गेली त्या रात्री मी त्यांना म्हणाले होते, "ती रोज त्या मळ्यातल्या विहिरीवर जात होती ते तुमच्यापायी. तिथलंच पाणी प्यायली. तुमच्यामुळं गेली ती." गावात पटकीनं एकवीस माणसं गेली, त्यातली किती आमच्या विहिरीवर आली होती? गौरा सोडून एकही नाही. हे मला तेव्हाही ठाऊक होतं. दुसऱ्या दिवसापासून घर त्यांना लांब झालं. आणि मी रोज संध्याकाळी दारात उभी राहायचे. दुकानाचा दिवा दारातून दिसायचा. हाक मारली असती तर ऐकू गेली असती. मी उभी राहायचे आणि गेले नाही. चार वर्षं.

तू केरसुणी घातलीस म्हणून मी तुझ्यावर पेटले. हातात केरसुणी नव्हती, एवढंच काय ते खोटं होतं त्या कडव्यात.

त्या दिवशी मळ्यात जाऊन मी त्यांचा हात धरला. ते थबकले, माझी बोटं चाचपून पाहिली. मग चालू लागले. मला वाटेवरचं सांगायचं सुचेना. ती सांगायची ते सगळं. शेवटी तेच म्हणाले, "हितं दगूड हाय." त्यांना पाठ होतं. मला वाटलं होतं ती त्यांना आणत होती. त्यांना तर नुसता तिचा हात हवा होता. दिवाळीपर्यंत मी रोज गेले. तिसऱ्या का चौथ्या दिवशी मी तिचं नाव घेतलं. वाटेवर, अंधारात. ते म्हणाले, "व्हय."

दिवाळी झाली आणि रझाकारांची भीती वाढली. शेजारच्या गावात जाळपोळ झाली तसा आमचा निम्मा गाव एका दिवसात गाड्या जुंपून सोलापूरच्या हद्दीत आला. तुझ्या दाजींचे पाय सुजलेले, पोट फुगलेलं, डोळे पिवळे. डॉक्टर म्हणाला, यकृत गेलं, उशीर झाला. मठाच्या धर्मशाळेत एक खोली मिळाली.

त्या धर्मशाळेच्या मागच्या मैदानात तुझा तंबू होता. तुला ठाऊक नव्हतं. मी कळवलं नाही. कळवलं असतं तर तू धावत आला असतास, पाय धरले असतेस, रडला असतास, आणि मला तुला उठवावं लागलं असतं. ते मला करायचं नव्हतं.

आदितवारी दुपारच्या खेळाला भिंतीपलीकडून गाणं सुरू झालं. त्यांनी डोळे उघडले. हात उचलायला गेले, उचलेना. मी तशीच उठले आणि तंबूकडं निघाले. चार माणसांत तुझा कान धरून तुला खोलीत आणायचा, आणि म्हणायचं, हे बघ, गाण्यातला माणूस.

कनातीच्या फटीतून आत बघितलं. तू रंगीत फेटा बांधून उभा होतास, जाड झालास. आणि समोर हजार माणूस असेल. गिरणीतले, हमाल, पानवाले, मागं बायका, कडेवर पोरं घेतलेल्या. सगळी म्हणत होती. हसत होती ती हसत होती, पण 'घर माझं लांब'ला हसणं थांबायचं. माझ्या पुढ्यात एक म्हातारा विडी कामगार बसला होता. त्याचं घर तिथंच समोरच्या चाळीत असणार, घरातल्या चपलांवर आलेला होता. तो डोळे मिटून म्हणत होता, घर माझं लांब. त्याच्याकडं बघून मला पहिल्यांदा कळलं की ही माणसं आम्हाला हसत नाहीत. ज्याच्या त्याच्या घराची वाट कुठंतरी तुटलेली आहे, आणि ते कुणाजवळ बोलता येत नाही, गाण्यात येतं. शिंदी नुसती निमित्ताला.

हे कळलं म्हणून माझा राग गेला असं समजू नकोस. मी तुला हाक न मारता परत फिरले. हजार माणसांच्या तोंडातला घास काढून घ्यायचं धैर्य झालं नाही.

शेवटी काय म्हणाले असं तू विचारशील. पाणी मागितलं. दोन घोट घेतले. मग काही नाही.

शांताक्का


तामलवाडी
कार्तिक शुद्ध पंचमी, सन १९४८

विरुपाक्ष,

फौज येऊन गेली, निजामी संपली, आम्ही गावाला परत आलो. घराचं छप्पर उतरवून नेलेलं आहे, भिंती आहेत. मळ्यातले वेल सगळे गेले. नवीन शेवरी लावली आहे, ती वर आली की तिच्यावर वेल चढवीन. सखूबाईचा नवरा मदतीला येतो. बाकी काही लागत नाही मला, काही पाठवू नकोस.

तुझं पत्र मिळालं. तू लिहितोस, माझं पत्र वाचल्यापासून तू ते गाणं गायलेलं नाहीस. लोक ओरडतात, तू गात नाहीस. तुझ्याजवळच्या तबकड्या तू फोडल्यास. आता जन्मभर गाणार नाहीस, तेवढी शिक्षा पुरे होईल का, असं विचारतोस.

तुला कुणी सांगितलं बंद करायला? मी सांगितलं? मी नाव काढ म्हणाले तेव्हा तुला जमलं नाही, आणि आता नाव घेणारं कुणी उरलं नाही तर तू तोंड मिटून बसणार, आणि त्याला शिक्षा म्हणणार. सोपं आहे ते. मी चार वर्षं तेच केलं. त्यानं काय होतं ते मला विचार.

ह्या आठवड्यात एक झालं, ते सांगते. संध्याकाळी मळ्यातून येत होते. वेशीजवळ गल्लीतली पोरं खेळत होती. एकाचे डोळे फडक्यानं बांधलेले. तो खाली बसायचा आणि बाकीची त्याच्याभोवती फिरत म्हणायची, घर माझं लांब, घर माझं लांब. मग एक पोरगी पुढं होऊन त्याचा हात धरायची आणि त्याला दगडधोंड्यांतून वाट काढत पिंपळापर्यंत न्यायची. नेताना तो कशाला अडखळला तर डाव गेला. जी न्यायची तिला सगळी गौरा म्हणत होती. "आता माझी पाळी, आता मी गौरा," म्हणून दोघींची भांडणं चालली होती.

कुणी शिकवलं त्यांना? सोलापूरच्या धर्मशाळेत दहा महिने राहिलेली पोरं, तिथंच कुठंतरी उचललं असेल. त्यातल्या शिंदीचा त्यांना पत्ता नाही. तू हात धरण्याच्या ओळीत जी बाई घातलीस ती पोरांनी काढून टाकली, आणि मधे पोरगी ठेवली. तुला तीन नावं घालून जमलं नाही ते त्यांनी न सांगता केलं.

मी आधी ओरडायला गेले. मग पिंपळाच्या पारावर बसले. ती सखूबाईची धाकटी, इरम्मा, सहा वर्षांची आहे. माझ्याजवळ येऊन म्हणाली, "आज्जी, गौरा कोण व्हती?"

मी सांगितलं. माझी लेक होती. तुझ्याएवढ्या वयात होती तेव्हापासून आपल्या अप्पाला रोज मळ्यातून घरी आणायची, त्यांना दिसत नव्हतं म्हणून. सगळी पोरं गोळा झाली. एकानं विचारलं, "कवा पाडलं का तिनं त्यास्नी?" मी म्हणाले, "एकदा. ओढ्यात. दोघंही भिजून आले आणि दोघंही हसत होते." हे मी इतक्या वर्षांत कुणाला सांगितलेलं नव्हतं. मलाच आठवत नव्हतं ते.

तर आता ऐक. तू गा. तंबूत गा, यात्रेत गा, पुन्हा तबकडी काढतील तर काढू दे. पण सुरू करायच्या आधी उभं राहून सांगायचं, गौरा म्हणजे तामलवाडीच्या गुरुलिंगप्पाची नऊ वर्षांची लेक. ती बापाचा हात धरून त्याला घरी न्यायची. एवढंच सांगायचं, रडायचं नाही, गळा काढायचा नाही. लोक गप्प होतील. तुझा खेळ पडेल असं तुला वाटेल. पडला तर पडू दे. त्यानंतर जे हसतील ते हसू देत.

इकडं यायचं म्हणतोस. ये, पण वैशाखात ये, तोवर छप्पर होईल. जेवायला घालीन, अंथरूण देईन. गोड बोलेन असं समजू नकोस. तुझ्यावरचा राग आहे तसा आहे. तो उतरला की मग रागवायला घरात एकच माणूस उरतं, आणि तिच्याबरोबर मला रोज राहायचं आहे.

शांताक्का